नदीकाठचे दरोडेखोर

बिबवेवाडीत एका स्पायरल बाइंडिंगच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी पाच माणसं जमत आणि अस्तित्वात नसलेल्या मुलखातून प्रवास करत. मला तिथे भाचीने नेलं. तिला दोन रविवारांत कंटाळा आला. मी राहिलो.

खेळ असा. एक जण गोष्ट चालवतो; त्याला जीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. समोर काय आहे ते जीएम सांगतो आणि मग एकेकाला विचारतो, "तू काय करतोस?" उत्तर काहीही देता येतं. जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकतात. फासे सोफ्याखाली जाऊ नयेत म्हणून आमच्यातल्या एकाने, त्याचं कसब्यात भांड्यांचं दुकान आहे, एक पितळी परात आणून ठेवली होती. सगळे परातीत फासे टाकत. जीएम मात्र आपल्यापुढे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून त्याच्या आड टाकत असे. सगळीकडे अशीच पद्धत असते, असं मला सांगण्यात आलं.

जीएम एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. पस्तिशीचा, बोलायला गोड. खेळताना तो भडंग खाई, बोटं चाटी आणि त्याच बोटांनी फासे उचली. फाशांच्या ठिपक्यांत मसाला बसलेला असे.

"अहो, फाशांना फोडणी बसलीय," भांड्यांचा दुकानदार एकदा म्हणाला. "वास घेऊन आकडा सांगता येईल."

जीएम हसला आणि त्याने फासे पँटला पुसले. या माणसाची किळस यावी असं एवढंच काय ते आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

वाटेत कोण भेटेल हे जीएमने मनाने ठरवायचं नसतं. त्यासाठी प्रत्येक प्रदेशाचा एक तक्ता असतो: इतका आकडा पडला तर हे भेटतं, तितका पडला तर ते. आमच्या गटात हे तक्ते जीएम एकटा लिहीत नसे. प्रदेश वाटून घेतले होते. ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहायचं आणि सगळ्यांना दाखवायचं, असा रिवाज होता. घाटाचा तक्ता वकिली शिकणाऱ्या मुलाने लिहिला, कारण तो ट्रेकला जाई. एकच फासा. एक पडला तर दरोडेखोर, सहा पडला तर धनगरांचा वाडा आणि गरम भाकरी. मध्ये दरड, मधमाश्या वगैरे.

नदीकाठ यवतमाळकडच्या एका मुलीने मागून घेतला होता.

"नदी मला द्या," ती म्हणाली होती. "पुण्यात कोणाला नदी माहीत आहे?"

"आमची मुठा आहे की," विद्यार्थी म्हणाला.

"तिला तुम्ही नदी म्हणत असाल तर माझं काही म्हणणं नाही."

दुकानदाराने तिला परातीवरूनच नमस्कार केला. पुण्यात येऊन वर्ष व्हायच्या आत तिने पुणेकरांचं हत्यार पुणेकरांवर चालवलं होतं.

तिने आपल्या तक्त्याला दोन फासे ठेवले. "एका फाशावर मगर आणि म्हैस सारख्याच वेळा भेटतात," तिने समजावून सांगितलं. "असं कुठं असते का? म्हशी तर रोजच भेटतात." म्हणून दोन फाशांची बेरीज. सातावर म्हशींचा कळप, कारण बेरीज सर्वांत जास्त वेळा सात येते. दोनावर मगर, बारावर पूर, दोन्ही क्वचित. मध्ये कोळी, धुकं, उलटलेली नाव, गुडघाभर गाळ. दरोडेखोर कुठेच नव्हते. तिच्या गावच्या नदीवर तिने ते कधी पाहिले नव्हते.

नवख्याला वाटतं, फाशावर सोडलं म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती काही उरलं नाही. मलाही सुरुवातीला तसंच वाटे. पण घाटात काय आहे आणि नदीकाठी काय आहे हे माहीत असेल, आणि दोन्हीकडे फासा खरा पडणार असेल, तरच कुठल्या वाटेने जायचं या प्रश्नाला काही अर्थ असतो. फासा कोणाच्याही बाजूचा नसतो. त्याच्या भरवशावरच माणूस निवड करतो.

ती एका कंपनीत रात्रपाळी आणि दिवसपाळी आलटून पालटून करत असे. कंपनीने तिला नागपूरहून पुण्यात हलवलं होतं. विचारलं नव्हतं, मेल आला होता. इथे आल्यावर टीम दोनदा बदलली, तेही मेलनेच. हे तिने चहा पिताना, रडगाणं न लावता सांगितलं. दुकानदाराने विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून ती इथे का येते. ती म्हणाली, "इथं मला विचारतात ना, तू काय करतेस म्हणून. आठवड्यात दुसरं कोणी विचारत नाही."

खेळात ती सुईण होती. आग लागलेल्या एका गावातून आम्ही एक म्हातारा कुंभार बाहेर काढला होता आणि त्याला डोंगरापलीकडे लेकीच्या गावी पोचवायचं होतं. म्हातारा बोलत नसे. तो जीएमच्या हातातलं पात्र होता आणि जीएमने त्याला मुका ठेवला होता. बाकीच्यांना तो ओझं वाटे. ती मात्र दर रविवारी आपली पाळी त्याच्यावर खर्च करी: पाणी पाजलं, पायाला पट्टी बांधली, ओढा पार करताना पाठीवर घेतलं. त्याला लेकीच्या दारात जिवंत उभा करायचा, एवढंच तिला त्या खेळात करायचं होतं.

मग फाटा आला. घाटाने गेलं तर लेकीच्या गावच्या जत्रेआधी पोचता येत होतं आणि तिथल्या सरदाराने पहिल्या येणाऱ्याला घोडा जाहीर केला होता. नदीकाठाने गेलं तर घोडा हुकणार आणि शिधाही कमी पडणार.

"घाट," विद्यार्थी म्हणाला. "मला घोडा पाहिजे."

"तुला स्कूटर नीट लावता येत नाही," दुकानदार म्हणाला.

"माझ्या कॅरेक्टरला येतं सगळं."

"म्हाताऱ्याला पळता येत नाही," ती म्हणाली. "घाटात दरोडेखोर भेटले तर आपण पळू, तो मरेल. नदीकाठी दरोडेखोर नाहीतच. उशीर होईल, उपास घडेल. माझा शिधा तुम्ही घ्या."

बराच वाद झाला. शेवटी तिने आपल्या वाट्याची भाकरी आणि औषधांची पिशवीसुद्धा देऊ केली तेव्हा विद्यार्थी राजी झाला. जीएम भडंग खात ऐकत होता. त्याने आदल्या आठवड्यात ग्रुपवर दरोडेखोरांच्या सोंगट्यांचे फोटो टाकले होते. स्वतः रंगवलेल्या, मिशा वेगळ्या काढलेल्या. फोटोखाली विद्यार्थ्याने आगीच्या इमोजी टाकल्या होत्या.

आम्ही नदीकाठाने निघालो. जीएमने मांडीवर एक खोका घेऊन त्याचं झाकण काढलं आणि त्यानंतर पुठ्ठ्याआड फासा टाकला. क्रम असा होता. मी समोर बसलो होतो. त्याने फाशाकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "वळणावर धूर दिसतो. झाडीतून माणसं बाहेर पडतात. तोंडं बांधलेली." आणि रंगवलेल्या सोंगट्या एकेक करून चटईवर मांडू लागला.

"दरोडेखोर?" ती म्हणाली. "नदीकाठी?"

"तक्त्यात आलं, मी काय करू?"

"माझ्या तक्त्यात नाहीत ते."

"किती पडले?" मी विचारलं. वर्तमानपत्रात बातमीच्या टेबलावर तीस वर्षं विचारलेला प्रश्न आहे. तोंडून आपोआप निघतो.

"एक," जीएम म्हणाला.

खाली बाइंडिंगचं मशीन चालू होतं.

"दोन फाशांत एक कसा पडतो?" ती म्हणाली.

दोन फाशांची बेरीज कमीत कमी दोन येते. तो घाटाच्या तक्त्यावरचा एक होता. दरोडेखोर आमच्यासाठी आधीच निघाले होते. आम्ही वाट बदलली म्हणून त्यांनीही बदलली. नदीकाठाचा तक्ता त्याने उघडलाही नव्हता. एरवी मला वाटतं, पकडला गेलेला माणूस काही क्षण तरी वरमतो. हा वरमला नाही. त्याने भडंगाची मूठ तोंडात टाकली.

"ओके, ओके," तो चावता चावता म्हणाला. "पण सीन बघ ना. म्हशी आल्या असत्या तर काय मजा होती? सॉलिड होणारे हे. ट्रस्ट मी."

"मग आम्ही एवढा वेळ काहून भांडलो?"

"भांडलात तेही भारी होतं गं. ड्रामा."

"जाऊ दे ना," विद्यार्थी म्हणाला. "चालू तर दे. मिनिएचर बघ कसल्या आहेत."

दुकानदाराने परात आपल्याकडे ओढली आणि पुन्हा सरकवली. रविवारची सकाळ वाया जाऊ नये, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

लढाई झाली. परातीत फासे वाजले. ते सगळे खरे होते आणि कशाच्याच उपयोगाचे नव्हते. तिची पाळी आली तेव्हा जीएमने विचारलं, "तू काय करतेस?"

"मी केलं जे करायचं ते. नदीकाठाने आणलं."

"हो, पण आता?"

"आताचं तूच सांग."

त्याने सांगितलं. कुऱ्हाड म्हाताऱ्याला लागली. आणि मग ज्या म्हाताऱ्याला त्याने एकदाही बोलू दिलं नव्हतं, त्याला त्याने बोलायला लावलं. म्हातारा सुईणीच्या मांडीवर डोकं ठेवून, थांबत थांबत, लेकीसाठी निरोप देऊन मेला. जीएमने आवाज कापरा केला होता. त्याच्या ओठाला शेंगदाण्याचं साल चिकटलेलं होतं. विद्यार्थ्याने टाळ्या वाजवल्या.

मी नोकरीत अशी कामं पाहिली आहेत. एका वार्ताहराच्या प्रत्येक अपघाताच्या बातमीत एक प्रत्यक्षदर्शी असे आणि तो नेहमी सुंदर बोले. हा कुठे भेटला असं विचारलं तर वार्ताहर म्हणे, "कॉपी वाचली का? डोळ्यांत पाणी येतं." मेलेला माणूस त्याला फक्त परिच्छेद संपवायला लागत असे. तो मजकूर हातात घेतल्यावर जी किळस येई तीच या खोलीत आली. खोटं बोलणं वेगळं. यांना तर समोरच्याचं रडणं आपल्या खोट्याला मिळालेलं बक्षीस वाटतं.

ती रडली मात्र नाही. तिने बाटलीचं झाकण लावलं, पिशवी खांद्याला घेतली.

"आता तू काय करतेस?" जीएमने हसत विचारलं. त्याला तो विनोद वाटला असावा.

"निघते," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

"टू सेन्सिटिव्ह," जीएम म्हणाला. "जाऊ दे. येईल."

ती पुढच्या रविवारी आली नाही. तिच्या पात्राची माहिती लिहिलेला कागद परातीशेजारीच पडला होता. तिच्याशिवाय खेळ कसा पुढे न्यायचा, असं दुकानदाराने विचारलं. जीएमने त्याची तयारी केली होती. म्हातारा मेल्यावर सुईणीचं मन फिरलं, असं त्याने जाहीर केलं. ती दरोडेखोरांना सामील झाली आणि आता त्यांची म्होरकी म्हणून आमच्या मागावर आहे. त्याने खोक्यातून एक नवीन सोंगटी काढली. बाईची, तोंड बांधलेली, रंग अजून ओला.

"कसलं भारी!" विद्यार्थी म्हणाला.

"तिला विचारलंत?" मी म्हणालो.

"ती कुठे आहे आता, काका?"

"फोन आहे ना तिच्याकडे."

"अहो, कॅरेक्टर शेवटी गोष्टीचं असतं. सगळं विचारत बसलं तर गोष्ट पुढे कशी जाणार? आणि ती असती तर तिलाही आवडलं असतं."

मी तिचा कागद उचलून खिशात घातला आणि उठलो.

"काका, तुम्ही पण? आता तुमच्या कॅरेक्टरचं काय करू?" जीएमने विचारलं. मला विचारलं, माझं वय आडवं आलं असावं.

"म्हशी पाळायला लावा," मी म्हणालो. दुकानदार हसला आणि जागेवरच बसून राहिला. जिना उतरताना वरून फाशाचा आवाज आला. एकाच फाशाचा.

पुढे काही दिवसांनी ती मंडईत भेटली. फणसाच्या गऱ्यांच्या ढिगापाशी उभी राहून विक्रेत्याशी हुज्जत घालत होती. गरे कोणत्या फणसाचे घ्यायचे हे ती स्वतः बघणार होती आणि तो देईल तेच चांगले, असं त्याचं म्हणणं होतं. तिने तिसऱ्या फणसाचे घेतले. मी कागद काढून दिला.

"हा तुमचा."

तिने पाहिला, घडी घातली. "म्हातारा?"

"मेलेलाच आहे."

"आणि मी?"

खोटं सांगता आलं असतं. सोयीचं झालं असतं.

"तुम्ही दरोडेखोरांच्या म्होरक्या आहात. आमच्या मागावर."

ती हसली, चांगलं वाटावं असं ते हसू नव्हतं.

"म्हणजे तिथंही बदली केली," ती म्हणाली. "मेलसुद्धा नाही पाठवला."

तिने कागदाची घडी पुन्हा उलगडली, त्यावर दोन गरे ठेवले आणि माझ्यापुढे धरले. कागदाला चीक लागला. गरे गोड होते.