आठ सायकली पुसल्या, चार राहिल्या

फौजेतल्या माझ्या एकवीस वर्षांतलं शेवटचं पोस्टिंग एका वर्कशॉपमध्ये होतं. हुद्दा हवालदार, काम वाहन मेकॅनिक. तिथून मला एका पलटणीच्या सायकल मोहिमेवर मेकॅनिक म्हणून पाठवलं. बारा स्वार, एक ट्रक, दहा दिवस. शेवटचा मुक्काम उज्जैन, म्हणजे माझं गाव. मोहिमेचा उद्देश ट्रकवरच्या बॅनरवर लिहिलेला होता. वाटेत स्वागत करणारे बदलले तसा बॅनर तीनदा बदलला. सायकली त्याच राहिल्या.

या मोहिमेत शिपाई दीवान सिंह गेला. कागदावर त्याच्या मृत्यूचं कारण 'चालकाची चूक' असं आहे. ते खरं नाही. मी आता रिटायर आहे, लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून लिहितो. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी नीट वाचावं. दीवान ज्या गोष्टीमुळे गेला, ती आपल्या गल्लीत दर दसऱ्याला होते. त्या दिवशी लोक तेलाचा फडका घेऊन सायकल पुसायला बसतात.

मोहिमेत रोज १६:०० ला मुक्काम आणि १६:३० ते १७:०० मेंटेनन्स असे. अर्धा तास पुरतो. आधी हवा. अंगठ्यानं टायर दाबायचा. दबला तर पंप आणायचा, नाही दबला तर उगाच पंपाशी खेळायचं नाही. पंक्चर असेल तर ट्यूब जोडून लगेच परत बसवायची नाही. टायरच्या आत बोटं फिरवून काटा किंवा काच शोधायची. ती आतच राहिली तर नवं पंक्चर शंभर मीटरवर वाट बघत असतं. मग चेन. प्रत्येक कडीवर एक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि वरचं सगळं तेल कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचं.

दीवान पहिल्याच दिवशी शेजारी उकिडवा बसला. गढवालचा, वय बावीस, बारा जणांत सर्वांत ज्युनियर आणि चालवण्यात सर्वांत चांगला.

"उस्ताद, तेल लगाया भी, पोंछ भी दिया? फिर लगाया क्यों?"

"कड़ी के अंदर चाहिए। बाहर वाला तेल धूल का खाना है।"

दुसऱ्या दिवशी तो हेच वाक्य एका लान्स नायकाला ऐकवत होता, जणू त्याच्या आजोबांनी सांगून ठेवलंय.

शेवटी ब्रेक. आमच्या सायकलींना रिमवर चालणारे ब्रेक होते, तुमच्याही बहुतेक सायकलींना तेच असतात. रबराचे दोन तुकडे चाकाच्या कड्याला दोन्ही बाजूंनी पकडतात. सगळा जीव त्या पकडीवर. लिव्हर दाबल्यावर ती आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा उरली पाहिजे. रिम कोरडी आणि स्वच्छ पाहिजे. साबणाच्या पाण्यानं धुवा, स्पिरिटनं पुसा, काहीच नसेल तर नुसत्या कोरड्या कापडानं. तेल कधीही नाही. हे मी बारा जणांना नऊ संध्याकाळी सांगितलं. नवव्या संध्याकाळी तेही कंटाळले होते आणि मीही.

नवव्या दिवशी १५:४० ला आम्ही उज्जैनला पोचलो. मुक्काम नानाखेड्याजवळच्या एका शाळेत. दुसऱ्या दिवशी ०८:०० वाजता रामघाटावर समारोप: व्हीआयपी, बँड, भाषणं, फोटो. मला १७:०० ते २०:३० आऊटपास मिळाला. मी घरी गेलो.

दादानं दारातच विचारलं, "काय रे, उद्या तू सायकल चालवणार का नुसता पाना फिरवणार?"

"पाना."

"म्हणजे फोटोत नाहीस."

"नाही."

"मग काय फायदा! आम्ही एवढ्या सकाळी येऊन कोणाला बघू?"

वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, त्यांचं ऐकू नका. ते असेही उठणार नाहीत. आणि रस्ते तर पहाटेपासून बंद आहेत म्हणे. दूधवाला आत्ताच सांगून गेला, उद्या भरोसा नाही."

मी २०:३० ला परतलो. सायकली व्हरांड्यात ताडपत्रीखाली होत्या. मी ताडपत्री उचलली नाही. घरचं जेवण पोटात होतं. हे कारण नव्हे, नोंद आहे.

सकाळी ०६:१० ला ताडपत्री काढली. सायकली आरशासारख्या चमकत होत्या. टायरला बुटाचं पॉलिश, फ्रेमवर तेलाचा हात आणि रिमही लख्ख. मी पहिल्या रिमवर बोट फिरवलं. बोट घसरलं. दुसरीवर फिरवलं. बाराच्या बारा तशाच. इंजिन ऑईलमध्ये घासलेट मिसळून फडक्यानं फिरवलं होतं. ट्रकच्या तपासणीच्या आधी बॉडीला हाच हात मारतात. बॉडीला ब्रेक लागत नाही, त्यामुळे तिथे चालतं.

हुकूम सुभेदार साहेबांचा. माणूस वाईट नव्हता. त्यांची तीस वर्षं एका सिद्धांतावर गेली होती: चमकतं ते ठीक असतं.

"साहब, रिम पर तेल है। ब्रेक नहीं पकड़ेगा।"

"रास्ता सीधा है। पायलट गाड़ी के पीछे पैदल की चाल से जाना है।"

"आख़िर में घाट की उतराई है, साहब।"

"दिघे, तुम्हारा शहर है इसलिए घबरा रहे हो। लाइन में लग गईं साइकिलें। अब कोई हाथ नहीं लगाएगा। निशान पड़ते हैं।"

निशान म्हणजे बोटांचे ठसे. चमकीवर ठसे पडू नयेत म्हणून ब्रेक दुरुस्त करायचा नाही, असा हा हुकूम होता. मोहिमेचे लीडर मेजर साहेब ०६:०० लाच स्वागत समितीबरोबर नाश्त्याला गेले होते. मला त्यांना फोन करता आला असता. केला नाही. सुभेदारांना डावलून वर बोलायचं नसतं, याला प्रॉपर चॅनेल म्हणतात. एकवीस वर्षांत ते हाडात जातं.

हेल्मेटं गोळा करून ट्रकमध्ये ठेवली. फोटोसाठी सगळ्यांना लहरिया साफे, म्हणजे रंगीत पट्ट्यांचे फेटे, बांधले होते. हेल्मेटं मीच मोजली. बारा.

०७:३० ला आम्ही हरसिद्धीच्या देवळापाशी, घाटाकडच्या उताराच्या माथ्यावर पोचलो. वाटेत दोघांनी सांगितलं होतं, लिव्हर पूर्ण दाबली तरी सायकल चालतच राहते. मेजर साहेब तिथे भेटले; त्यांची सायकल ट्रकमधून आणली होती. मी सॅल्यूट केला आणि एका वाक्यात सांगितलं. त्यांनी स्वतः लिव्हर दाबून सायकल ढकलली. चाक गरगर फिरलं.

"कितना टाइम?"

"एक साइकिल के चार मिनट। कुल अड़तालीस।"

"वीआईपी आने तक जितना होता है, करो।"

मला वाटलं, काम झालं. व्हीआयपी वेळेवर येतात असं मी कधी पाहिलं नव्हतं. आठची वेळ म्हणजे नऊ, हा आमचा हिशेब. थाटामाटावर हसण्याची मला जुनी सवय. त्या दिवशी मी त्याच थाटाच्या उशिरावर विसंबलो.

फर्स्ट एडच्या पेटीतून स्पिरिट घेतलं. फडका नव्हता. स्वागत समितीनं नुकतंच प्रत्येकाच्या गळ्यात भैरवगढच्या छापाचं उपरणं घातलं होतं. मी माझं काढलं, मधोमध फाडलं आणि कामाला लागलो. समितीतले एक गृहस्थ धावत आले.

"अरे हवालदार साहब, ये क्या! ये तो सम्मान का है!"

"वही कर रहा हूँ।"

ब्रेक सोडायचा, रिमच्या दोन्ही बाजू पुसायच्या, चारही रबरं सँडपेपरनं खरवडायची, ब्रेक जोडायचा, ढकलून बघायचं. पहिली सायकल मेजर साहेबांची. दुसरी कॅप्टन साहेबांची. मग सुभेदार साहेबांची, नायब सुभेदारांची, दोन हवालदारांची, नायकाची, लान्स नायकाची. आठ. मी मान वर केली नाही. हात चालले होते.

०८:०२ ला रेडिओ वाजला. खाली मंडपापाशी आमचा एक ऑपरेटर उभा होता.

"वीआईपी पहुँच गए। फ़ौरन भेजो। ओवर."

मी उत्तर दिलं, "चार साइकिल बाकी। सोलह मिनट चाहिए। ओवर."

"नेगेटिव। बैंड शुरू हो गया है। ओवर."

माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच पाहुणे वेळेवर आले.

राहिले होते ते चौघे शिपाई. मी म्हणालो, "साहब, ये चार पैदल उतरें।" सुभेदार साहेब म्हणाले, "फ़ॉर्मेशन में? फ़ोटो में?" मेजर साहेब पुढे निघून गेले होते. शिटी वाजली.

मी धावत त्या चौघांकडे गेलो. "ब्रेक नहीं है, समझो। पाँव घसीटते हुए उतरना। आगे वाले से दस गज़ दूर।"

दीवान हसला. "उस्ताद, ये ढलान है? हमारे यहाँ इसको आँगन बोलते हैं।"

"हँसो मत। पाँव नीचे।"

"पाँव नीचे, उस्ताद।"

हे त्याचे माझ्याशी शेवटचे शब्द.

दोन-दोनच्या सहा जोड्या निघाल्या. मधल्या वळणावर बँडपुढच्या गर्दीमुळे मेजर साहेबांनी ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला. मागच्या सातांचेही उत्तम लागले. आठ सायकली जागच्या जागी थांबल्या आणि मागच्या चार थांबू शकल्या नाहीत. पाचव्या जोडीतले दोघे पुढच्यांवर आपटले, गुडघ्यांवर निभावलं. सहाव्या जोडीतला डावा स्वार ट्रॅफिकच्या दोरात अडकला. उजवीकडे दीवान. समोर पडलेली माणसं, बाजूला फुलांची टोपली घेऊन बसलेली एक बाई. ती माणसं आणि ती बाई यांच्या मधून त्यानं हँडल उजवीकडे वळवलं. तिथे दगडी चौथरा होता. ०८:०५.

मी पोचलो तेव्हा साफा सुटून त्याच्या खांद्यावर आला होता. त्याच्या उजव्या बुटाचा सोल टाचेपासून फाटला होता. सांगितल्याप्रमाणे त्यानं पाय घासले होते.

हॉस्पिटलमध्ये ११:४० ला तो गेला. समारोप तोवर पार पडला होता. भाषणं झाली, स्मृतिचिन्हं वाटली, फोटोत अकरा सायकली आहेत. मंडपातल्या कुणालाही कळलं नाही असं मला पुढे सांगण्यात आलं. मंडप चौथऱ्यापासून साठ पावलांवर होता. मी नंतर मोजली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सायकल पुरावा म्हणून आणली तेव्हा तिच्या रिम स्वच्छ होत्या. कुणीतरी धुतल्या होत्या, बहुधा सवयीनं. वरिष्ठांसमोर घाण वस्तू नेत नाहीत. माझ्या जबाबात तेलाची एक ओळ आहे. निष्कर्षात ती नाही. निष्कर्ष असा, की चालकानं वेग ताब्यात ठेवला नाही.

मला एक प्रश्न असा विचारला गेला: "आठ साइकिल साफ़ कीं। किस क्रम से?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं.

"रैंक से, सर।"

साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. खोलीत पाच जण होते. एकाचीही भुवई हलली नाही. मला तो क्रम कुणी सांगितला नव्हता. कुणाचा ब्रेक सर्वांत ढिला, कुणाचं वजन जास्त, कोण शेवटी आहे, म्हणजे कुणापुढे थांबलेली माणसं असणार, हे मेकॅनिकनं बघायचं असतं. मी खांद्यावरच्या फिती बघितल्या. सुभेदार साहेबांना चमक दिसली आणि मला हुद्दा. पॉलिशचा राग मला आजही येतो, पण तो पुरा त्यांच्यावर काढता येत नाही.

चार महिन्यांनी दीवानच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. नंबर तिला त्याच्या डायरीत मिळाला होता. तिनं आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, "भाई साहब, चिट्ठी में लिखा है गलती उसी की थी। गाँव वाले पूछते हैं, लड़का साइकिल चलाना नहीं जानता था क्या?"

"बहन जी, वो हम सब में सबसे अच्छा चलाता था।"

"तो ये लिख के दे सकते हैं आप?"

मी तेव्हा नोकरीत होतो. म्हणालो, "देखता हूँ।" तिनं "जी" म्हणून फोन ठेवला. पुन्हा केला नाही. ते 'देखता हूँ' मला आजवर गिळता आलेलं नाही.

वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीचं तपासणी कार्ड भरावं लागतं, सही मेकॅनिकची. त्या सायकलीचं कार्ड कुणी भरलं नव्हतं. मी आता भरतो. एक प्रत पोस्टानं गढवालला पाठवतो आहे.

सायकल क्रमांक १२. स्वार शिपाई दीवान सिंह.
हवा: ठीक. चेन: ठीक, तेल पुसलेलं, स्वारानं स्वतः.
पुढची रिम: तेल. मागची रिम: तेल.
ब्रेकची रबरं: चारही तेलकट.
हेल्मेट: ट्रकमध्ये, हुकमानं.
ब्रेक निकामी असल्याचं मेकॅनिकला माहीत होतं: होय. सुभेदारांना: होय. लीडरना: होय.
सायकल उतारावर सोडली: होय.
स्वाराची चूक: नाही.