बांबूची पिचकारी आणि माझी थाप

धूळवड चार दिवसांवर आली होती. जानेफळच्या बाजारात माझी दहा वर्षांची लेक एका दुकानापुढे खिळून उभी राहिली. पाठीवर अडकवायची टाकी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला गुलाबी बंदूक. तिनं मागितलं काहीच नाही, नुसते टाकीचे पट्टे चाचपून पाहिले. आणि मी! चार माणसं दिसली की मला भाषण सुचतं. दुकानदारासमोरच छाती काढून म्हणालो, "आमच्या लहानपणी पिचकारी इकत घेणाऱ्याले पोरं हसत. बांबूची बनवत होतो आम्ही! तुले अशी करून देतो, का पाणी थेट देवळाच्या कळसाले लागंन."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी जन्मात पिचकारी बनवली नव्हती. माझा मामा दरवर्षी पितळेची विकत आणून द्यायचा.

पण शब्द गेला होता. शेजाऱ्याच्या शेतातून बांबू आणला, एका टोकाचं पेर राखून कापला, तापल्या तारेनं पेराला भोक पाडलं. काठीला माझ्या जुन्या शर्टाची चिंधी गुंडाळून दट्ट्या केला. अंगणात बादलीतून पाणी ओढलं, पवित्रा घेतला, जोर लावला, आणि सगळं पाणी मागच्या बाजूनं माझ्याच पोटावर!

बायको दारात उभी होती. तिचं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, बांबूच्या मुलखातलं. "अहो, कोणासंग खेळून राह्यले? सोताशीच?" तिनं चिंधी चिमटीत धरली. "टेरिकॉट कुठं पाणी पिते? सुती लागते. फुगली का मंग घट्ट बसते." जुन्या सुती साडीची पट्टी फाडून तिनं दट्ट्याला गुंडाळली आणि तासभर भिजत ठेवली. मग जी धार सुटली ती कुंपणापार गेली. चारी दिशांना वाकून नमस्कार मात्र मी केले.

लेकीनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फाटकाशी तिची मैत्रीण आली. तिच्या पाठीवर तीच टाकी.

"तुले नाही घेतली का वं?"

"मले बांबूचीच आवडते. माझ्या बाबानं बनवली."

आवाज खणखणीत होता, डोळे टाकीच्या पट्ट्यांवर. नाटक मी रोज करतो, दुसऱ्याचं मला लगेच ओळखू येतं. लेकीला गाडीवर बसवलं आणि सरळ दुकान गाठलं.

टाकी पाठीवर चढली तेव्हा मी धीर करून म्हणालो, "एक सांगू? म्या लहानपणी पिचकारी कधीच बनवली नाही."

"मले माहीत हाय. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही किती खुश होते, बाबा. पोट ओलं झालं तरी हसून राह्यले होते."

पट्टे तिच्या खांद्याला सैल होत होते. मी खाली बसून ते आवळत राहिलो, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"आता बांबूची आईले देऊ," ती म्हणाली. "तिचा नेम चांगला हाय."

धूळवडीच्या सकाळी दार उघडलं, तर टाकीवाली डावीकडे आणि बांबूवाली उजवीकडे. कोणती जास्त लांब मारते, ते मला सांगता येणार नाही. दोघी फार जवळ उभ्या होत्या.