दोन पायल्या तांबडं भात

विनिता कुंभिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सहा दिवस खोकी भरते आणि रविवारी पळसदरीच्या देवळासमोर पोरं गोळा करते. काय करायचं ते पोरांनी ठरवायचं, कसं करायचं ते कागदावर लिहायचं. ती फक्त प्रश्न विचारणार आणि खाली सही करणार. मी तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, मला हा पोरखेळच वाटायचा. तरी जाऊन बसायचो, कारण घरी माझं कोण ऐकतंय!

गेल्या माघात पोरांनी ठरवलं, गावातलं जुनं भात पुन्हा लावायचं. घरोघर फिरले. सगळीकडे दुकानातल्या पिशवीचं बियाणं. तांबडं भात निघालं ते फक्त अंबूबाईंकडे, दोन पायल्या, सासूपासून चालत आलेलं. त्यांचं शेत दिवाळीनंतर विकलं गेलं होतं. नातू विकास पोरांतच होता. "एवढंच हाय. सांभाळा रं," म्हणत त्यांनी सगळं ओतून दिलं.

जूनमध्ये गावातल्या नागूने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात पोरांनी ते पेरलं. शेजारची रोपं आठवड्यात हिरवी झाली. आमच्या वाफ्यात काडी नाही. मी पाखरांवर खापर फोडलं. विनिताने माती उकरली, तर दाणे जागच्या जागी.

"बी कसं ठेवलं होतंस गं?" बी जिच्या घरी ठेवलं होतं त्या रियाला तिने विचारलं.

"कीड लागाया नको म्हणून आमी उकडून वाळवलं. आई उकड्या तांदळाला तसंच करते. विकासनं जाळ घातला."

उकडलेलं भात वाळलं की टरफलात तसंच दिसतं, पेरताना कुणाला कळणार? विनिताने पोरांचा कागद काढला. 'बी जपणे : रियाच्या घरी, उकडून.' खाली तिची सही आणि शेजारी तोऱ्यात ठोकलेली माझी. भात पिकवणाऱ्या गावातली पोरं, आणि उकडलेलं उगवत नाही हे एकालाही ठाऊक नाही! आणि आम्ही दोघं शहाणे न वाचताच सह्या करणारे. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"दुसरीकडून तांबडं आणून पेरू," मी कुजबुजलो. "म्हातारीला काय कळतंय?"

विनिताने माझ्याकडे रोखून पाहिलं. पोरांना घेऊन ती तडक अंबूबाईंच्या ओटीवर गेली. रिया बोलायला लागली तशी तिला थांबवून विनिताने स्वतःच सगळं सांगितलं, सहीसकट.

"समदंच उकडलंत?" अंबूबाईंनी विचारलं.

"सगळं."

अंबूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आता शिव्या खायच्या म्हणून मी मान खाली घातली. पण त्या विकासकडे वळल्या.

"तू जाळ घातलास? उकडलेलं उगवत नाय, ह्ये तुला म्हाईत नव्हतं?"

विकासने नाही म्हणून मान हलवली.

"कसं असंल?" त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "सांडशील म्हणून मीच तुला कंदी बियाला हात लावू दिला नाय."