लोखंडाच्या पाण्यातलं लुगडं

अळूवडी समजून मी आईचं लुगडं कापलं.

झालं असं, की भूक लागली होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं आणि गॅसवरच्या मोठ्या पातेल्यात, चाळणीवर, एक लांबट उंडा वाफेवर बसला होता. वरून केळीचं पान, त्यावर सुतळीचे करकचून वेढे. आमच्या घरात हिरवं, लांबट आणि वाफेवर बसलेलं जे काही असतं ते खायचंच असतं, असा माझा आजवरचा अनुभव. मी उंडा ताटात काढला, फुंकर मारली आणि कडेची वडी पाडायला लागलो. वडी पडेना. पीठ घट्ट झालंय, असं मनाशी म्हणत मी सुरीवर दोन्ही हातांनी भार दिला. करकर आवाज करत चार बोटं रुंदीची गुंडाळी ताटात आडवी झाली. तिच्यातून सागाच्या पानाचा देठ डोकावत होता आणि देठाला चिकटून होती हिरवी किनार.

किनार मी ओळखली. तोंडावर आलेल्या वाफेला मिश्रीचा वास होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात मिश्री लावणारं दुसरं कोणीच नव्हतं.

बायको मागच्या दारातून आत आली, तेव्हा मी सुरी धरून तसाच उभा होतो. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एखादी खाल्लीत का?"

"नाही."

"मग ठेवा ती सुरी."

एवढंच बोलली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बायकोला हे कापडाचं वेड लागलं तेव्हा मी फार हसलो होतो. आधी ती सोनई गावात ब्लाउज शिवायची. मग मोबाईलवर कुठल्या तरी बाईने पानं कापडात गुंडाळून, उकडून त्यांचे ठसे उमटवलेले पाहिले आणि आमच्या घरातली भांडी एकेक करून स्वयंपाकातून बाद व्हायला लागली. तिचं बघणंच बदललं. गॅसची टाकी हलवल्यावर फरशीवर उरणारं गंजाचं कडं ती बोटाने गिरवत बसे. उसाच्या ट्रॉलीखाली चेंगरून डांबरावर चिकटलेलं पान दिसलं, की मला भर रस्त्यात गाडी थांबवायला लावी. मागचे हॉर्न वाजवायचे, ही वाकून पानाचा फोटो काढायची. मी म्हणायचो, "अगं, लोक डाग काढायला पावडर आणतात, तू डाग पाडायला पातेली घेतेस." त्यावर ती म्हणायची, "डाग पाडायलाही अक्कल लागते. तुमच्या शर्टावर पडतात ते वेगळे."

आईच्या लुगड्याचं मात्र तिने स्वतःहून काढलं नव्हतं. ते आक्काचं मागणं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, श्रीगोंद्याला दिलेली. आई गेली त्याच्या थोडे दिवस आधी ती भेटून गेली होती. आई अंगणात बाजेवर बसलेली, बाहेर दाजी गाडीचा हॉर्न वाजवत होते. आक्का "येते गं" म्हणाली आणि निघाली. पुढची बातमी गेली ती आई गेल्याचीच. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून आक्काचं एकच चालू होतं. फोन केला की आधी ऊस, मग पाऊस, आणि मग हळूच यायचं, "म्या तिला हातसुदिक लावला न्हाई रं निघताना. मला झोप लागत न्हाई."

आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, जीव अडकतो म्हणतात. आईची सगळी लुगडी आम्ही तेव्हाच देऊन टाकली होती. हे एक तेवढं राहिलं, कारण ते विरलं होतं आणि गोधडीच्या पोटात घालायला म्हणून बायकोने आधीच बाजूला काढलं होतं. पांढरट, हिरव्या किनारीचं, सुती. आक्काला ते कळलं तेव्हा ती बायकोला म्हणाली, "वैनी, त्याची मला पांघरायला गोधडी करून दे. ते अंगावर घेतलं तर लागंल झोप."

बायकोने ठरवलं, की आईनेच बांधाला लावलेल्या झाडांची पानं त्यावर उमटवायची आणि वर्षश्राद्धाला गोधडी आक्काच्या हातात द्यायची. त्यासाठी ते लुगडं रंग धरावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढलं होतं, साग आणि बाभळीचा पाला मांडून गुंडाळलं होतं, आणि तिथे मी सुरी घेऊन पोचलो होतो. आक्काचं येणं आठ दिवसांवर आलं होतं.

उंडा गार झाल्यावर बायकोने अंगणात लुगडं उलगडलं. सागाची पानं जांभळट उमटली होती, पण फिकी. माझ्या वडीमुळे एका बाजूची किनार पार गेली होती. मी म्हणालो, "तिकडून दुमडून घेतलं तर कळणारही नाही."

"तुम्हाला नाही कळणार," ती म्हणाली, आणि लोखंडाचं पाणी आणायला गेली.

ह्या पाण्यात माझाही वाटा आहे. गंजके खिळे, मोडकं खुरपं, फाळाचा तुकडा असलं सगळं मीच गोळा करून दिलं होतं. ते गुळाच्या पाण्यात माठात घालून तिने न्हाणीमागे ठेवलं होतं. वास असा, की शेजारचं कुत्रं आमच्याकडे यायचं बंद झालं. ह्या पाण्याचा गुण असा, की तुरट गोष्टीचा डाग त्याला बरोबर सापडतो आणि काळा होतो. चहा असो, बाभूळ असो, डाळिंबाची साल असो. धुऊन डोळ्यांना दिसेनासा झालेला डागही ते पाणी वर काढतं. फिकी पानं गडद व्हावीत म्हणून बायकोने लुगडं त्यात बुडवलं, काठीने वरखाली केलं आणि पिळून दोरीवर टाकलं.

मी आत चहा टाकत होतो. तिची हाक आली.

"अहो. बाहेर या जरा."

पानं गडद झाली होती. पण पानं जिथे मांडलीच नव्हती, तिथेही काहीतरी वर येत होतं. कमरेच्या जागी आडवे ओढलेले काळपट फराटे. एकावर एक, एकावर एक, सगळे एकाच बाजूला. मी आधी स्वतःचे हात तपासले. दुसरं कोण असणार?

"माझे नाहीत," मी म्हणालो.

"आत्याबाईंचे आहेत," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "डाळिंब सोलून हात पुसायच्या."

खरंच. आई डाळिंब सोलायची आणि कमरेला हात पुसायची, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा. आम्ही सगळे त्यावरून तिला बोलायचो, हा डाग जात नाही म्हणून. ती म्हणायची, "गेला की धुण्यात." गेला नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत ती पुन्हा हात पुसत होती.

पाठीवर येणाऱ्या भागात एक वेगळाच डाग होता. तो पुसलेला नव्हता, टेकवलेला होता. तळवा आणि पाच बोटं, सुटी सुटी.

दोन दिवस मी अंगणाकडे जायचं टाळलं. न्हाणीत जायचं तर घराला वळसा घालून. वारा आला की लुगडं फुगायचं, त्यात पाठ भरल्यासारखी व्हायची, आणि त्या पाठीवर तो हात. एका दुपारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो आणि मला आईचा खोकला ऐकू आला. मी "आलो" म्हणून उठलोसुद्धा. दोरीवरच्या लुगड्याचं टोक बाजेच्या लाकडावर आपटत होतं. मी परत बसलो, पण पेपर वाचता आला नाही. बायको मात्र लुगडं वाळल्यावर ते पोत्यावर पसरून त्याच्यापाशीच बसे आणि गोधडीचे टाके घाले. पानांच्या शिरांवरून टाके घेई, फराट्यांना वळसा घाली. कापलेल्या बाजूला तिने स्वतःच्या जुन्या साडीची किनार लावली.

आक्का आली ती आल्याआल्या म्हणाली, "कुठंय?" पाणीसुद्धा घेतलं नाही.

बायकोने गोधडी बाजेवर पसरली. आक्का पानांवरून हात फिरवत गेली. फराट्यांपाशी थांबली, नाकाशी नेलं, हसली. "लई घाण सवय हुती तिची." मग पाठीचा भाग आला. तिने खाली पाहिलं आणि आपला हात त्या हातावर ठेवला. बोटावर बोट बसलं.



"वैनी, ह्यो माझाय का गं?"

बायको सुईत दोरा ओवत होती.

"त्या दिशी म्या तिला डाळिंब सोलून दिल्तं," आक्का म्हणाली. "हॉर्न वाजला तशी उठले... उठताना टेकला असंल. तिच्या पाठीवर." ती डोळे मिटून आठवू लागली. "व्हय. टेकला. पाठ गरम हुती तिची. म्या कशी इसरले रं?"

मी तोंड उघडलं. लुगडं त्यानंतर धुतलं गेलं असणार, हात सगळ्या बायांचे सारखेच दिसतात, असं काहीतरी शहाणपणाचं माझ्या ओठावर आलं होतं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला, असा, की मी "चहा ठेवतो" म्हणून आतच गेलो.

त्या दुपारी आक्का ओसरीवर गोधडी पांघरून आडवी झाली आणि झोपली. नैवेद्य झाला, पानं वाढून झाली, तरी तिला कोणी उठवलं नाही. दाजी घ्यायला आले तेव्हा गाडीत ती गोधडी मांडीवर घेऊन बसली, घडी घालायला तयार नव्हती. हॉर्न न वाजवता दाजींनी गाडी काढली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी बायकोला विचारलं, "आक्काचाच हात होता का गं तो?"

ती दोरी सोडवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वन्सं आल्या त्या दिवशी आत्याबाईंच्या अंगावर निळं लुगडं होतं. तो हात माझा आहे. डाळिंब सोलून दाणे भरवायचे, तर आधी पाठीला हात देऊन बसवावं लागायचं. जाऊ द्या, राहू दे वन्संजवळ. मला आत्याबाई ह्या घरात कुठेही सापडतात."