गणपतीच्या देखाव्यातलं हंटर

आठवडाभर मी मंत्रालयात फायलींवर शेरे मारतो आणि रविवारी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लढाऊ विमानं बांधतो. विमानं बांधतो म्हटलं की समोरचा माणूस सावरून बसतो. खऱ्याच्या बहात्तरपट लहान, प्लास्टिकची, असं पुढे सांगितलं की तो पुन्हा आपल्या मोबाइलकडे वळतो. बायकोच्या क्रोकरीचं काचेचं कपाट मी एकेक फळी करून जिंकलं. आता आमच्याकडे पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून मिळतो आणि बोन चायनाचा सेट पलंगाखाली निवृत्त जीवन जगतो.

या उद्योगात मला एकच माणूस गंभीरपणे घ्यायचा. वरच्या मजल्यावरचे काका. हवाई दलात जमिनीवरच्या कामगिरीत, विमानांच्या देखभालीत, उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले, आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे. रविवारी सकाळी पूजा आटोपली की खाली यायचे, माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि मी चिकटवलेले पंख दोन बोटांत धरून ठेवायचे. गोंद वाळेपर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी बोट काढून बघतो आणि पंख हातात येतो. काका मात्र धरून बसायचे.

"सोड तू," म्हणायचे. "तुझं लक्ष चहाकडे आहे. मी धरतो."

फारसं बोलायचे नाहीत. नोकरीबद्दल तर नाहीच. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं की काकांना सांगण्यासारखं काही नसावं. किती सोयीस्कर! कारण मला स्वतःला सांगण्यासारखं पुष्कळ असायचं, आणि त्यांच्यासारखा श्रोता साऱ्या दिल्लीत मिळाला नसता.

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीला काय देखावा करायचा यावर मीटिंग झाली. कुणीतरी पानिपत सुचवलं. इथून जवळ, माती आणायलासुद्धा सोपं. कार्यवाह म्हणाले, "बाप्पापुढे हरलेली लढाई मांडायची? वर्गणी कोण देईल?" तेव्हा मी घसा साफ केला आणि माझ्या विमानांची स्क्वाड्रन देशाला अर्पण केली.

घरी बायको म्हणाली, "गणपतीच्या डोक्यावर बॉम्ब टांगणार तुम्ही?"

"बॉम्ब काढून ठेवतो."

"आणि एखादं पडलं आरतीत?"

"तंगुसाचा दोरा आहे. मासा सुटत नाही त्यातून, विमान काय सुटणार?"

खरा बेत मी तिलाही सांगितला नव्हता. काकांना सरप्राइज द्यायचं होतं. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक जुना फोटो होता: ऐन पंचविशीतले काका, अंगात कामाचे मळके कपडे, मागे हंटर जातीचं लढाऊ विमान आणि त्याच्या शेपटीजवळ स्पष्ट नंबर. एकदा काका चहा सांगायला आत गेले तेव्हा मी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला. काकांचं विमान! तेच, त्याच नंबरचं, हुबेहूब बांधायचं आणि देखाव्यात मधोमध लावायचं. त्यासाठी मी रविवारी काकांना थापा मारल्या. "ऑफिसचं काम आहे काका, पुढच्या आठवड्यात या." पोटाखालचा रंग नेमका कुठला, या एका शंकेसाठी मी इंटरनेटवर चेक देशातल्या कुणा अनोळखी गृहस्थाशी आठवडाभर पत्रव्यवहार केला. ज्यांच्या हाताला तो रंग लागलेला होता ते माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होते. त्यांना विचारलं असतं तर सरप्राइज राहिलं नसतं ना!

देखाव्यात विमान नुसतं सरळ उडताना ठेवणं मला मिळमिळीत वाटलं. नाट्य पाहिजे. म्हणून मी त्याची चाकं आत घेऊन दारं कायमची चिकटवून टाकली, नाक खाली केलं आणि शेपटीमागे सरोजिनी नगरातून आणलेला कापूस काळा करून धुरासारखा लावला. खालून लाल दिवा सोडला.

मुलीने मान तिरकी करून पाहिलं. "बाबा, हे पडतंय, यार."

"पडत नाही गं. डाइव्ह आहे. झेप घेतंय शत्रूवर."

"अच्छा," ती म्हणाली. आजकालच्या मुलांना हवाई युद्धातलं काही कळत नाही, असं मी मनात म्हटलं.

पहिल्या दिवशी आरती झाली, दिवे लागले, आणि मी काकांना हाताला धरून पुढे आणलं. "काका, वर बघा. मधलं."

काकांनी पाहिलं. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, डोळे पाणावण्याची वाट पाहत. मोबाइलसुद्धा तयार ठेवला होता. काका म्हणाले, "छान केलंयस." प्रसादाचा द्रोण घेतला आणि जिना चढून गेले. मोदक त्यांनी जिन्यात कुणाच्या तरी हातावर ठेवला म्हणे. मला वाटलं, भारावले.

त्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. देखाव्याचं कौतुक करणारे इतके भेटत होते की माझ्या ते लक्षातही आलं नाही. विसर्जन उरकल्यावर बायको वर काकांच्या सुनेकडे डबा परत द्यायला गेली ती बराच वेळ खाली आली नाही. आली ती माझ्यासमोर उभी राहिली.

"ते विमान परत आलं नव्हतं," ती म्हणाली. "फोटोतलं. त्यातला वैमानिकही नाही. काकांनीच बसवून दिलं होतं त्याला त्या दिवशी. आणि तुम्ही धूर लावलात."

 

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? जिना चढून माफी मागितली असती. मी आधी थिनरमध्ये कापूस बुडवला आणि शेपटीवरचा नंबर पुसून काढला. दुःखाचं मूळ नंबरात आहे, नंबर गेला की दुःख गेलं, असा काहीसा मंत्रालयीन हिशोब. मग ते बिननावाचं विमान घेऊन वर गेलो.

"काका, चुकलो. मला माहीत नव्हतं. नंबर काढून टाकला बघा."

काकांनी विमान हातात घेतलं, शेपटी उजेडाकडे केली. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"काढलास कशाला? होतं ना ते? माणूस होता ना त्यात?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहायचं टाळलं. काका खुर्चीत बसले. विमान मांडीवर होतं. आपणच बोलले, माझ्याकडे न बघता.

"पट्टे मी आवळले त्याचे. म्हणाला, आवळ अजून, मी बायकोला सांगून आलोय डाळवांगं कर. शिडी मी काढली. चाकं आत गेलेली बघितली. मग उभाच राहिलो. सगळे उतरले, एक एक करून. मी शिडी घेऊन उभा." मग विमान माझ्या हातात देत म्हणाले, "द्यायचंच असेल तर चाकं खाली करून दे."

चिकटवलेलं पोट उघडणं म्हणजे काय, ते या धंद्यातल्यालाच कळेल. माझा गोंद एरवी कधी धरत नाही; तिथे मात्र सिमेंटसारखा धरला होता. पहिल्याच प्रयत्नात ब्लेड घसरलं आणि पंखाला भेग गेली. पुट्टी भरली, घासलं, पुन्हा रंगवलं. चाकांचे पाय सुट्या भागांच्या डब्यात सापडले, एक सोडून. तो मी तारेचा केला. नंबराचा छापील कागद संपला होता, म्हणून हाताने लिहिला. शेवटचा आकडा किंचित वाकडा आला. सगळं करताना पंख धरायला कुणी नव्हतं. मीच धरून बसलो, पहिल्यांदाच, गोंद वाळेपर्यंत. तेवढ्या वेळात माणसाला बरंच काही सुचतं, आणि त्यातलं बहुतेक उशिरा सुचलेलं असतं. मला त्या वैमानिकाबद्दल काकांना विचारायचं होतं, कुठला होता, कसा हसायचा. इतके रविवार ते माझ्याजवळ बसले होते आणि मी त्यांना कुठला देश कुठली विमानं वापरतो यावर व्याख्यानं दिली.

दिवाळीच्या आधी विमान घेऊन वर गेलो. काकांनी ते टेबलावर ठेवलं. तीन पायांवर उभं राहिलं. तारेच्या पायाकडे थोडं झुकलेलं. काकांनी बोटाने हलकंच पुढे ढकललं.

"फिरत नाहीत का रे चाकं?"

"नाही काका. चिकटवलीत."

"असू दे," ते म्हणाले. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, टेबलाच्या त्या टोकापासून हळूहळू खाली आणत आणलं आणि भिंतीजवळ टेकवलं. तिथेच राहू दिलं. काकांच्या सुनेने चहा आणला. मी पिऊन उठलो.

"रविवारी येणार ना काका? एक नवीन खोकं आलंय."

"बघू," काका म्हणाले. मराठी माणसाचं 'बघू' मला कळतं. मी स्वतः किती अर्जांवर ते वेगळ्या शब्दांत लिहिलंय.

हिवाळा लागलाय. रविवारी काका उन्हात बसायला खाली बागेत जातात. जाताना आमच्या दारावरूनच जावं लागतं. मी दार उघडं ठेवतो. नोव्हेंबरच्या दिल्लीत, हवा खेळती राहावी म्हणून! बायको शाल गुंडाळून बसते. जिन्यात काठी वाजते, मी उगाच एखादा पंख हातात घेतो.

"काय, चाललंय ना?" काका दारातून विचारतात.

"चाललंय, काका."

काठी पुढच्या पायरीवर वाजते, मग त्याच्या पुढच्या.