मनात वाचताना

मी मनात वाचायला लागले की लखमीबाय माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. ओठ हलत नाहीत, आवाज नाही, आणि पान तर उलटतंय, हे तिला पटायचंच नाही. एकदा तिने सरळ विचारलं, "बाई, तू गप बसून वाचते, तवा आत कोण बोलतं?" मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "नक्की?" पुढे आठवडाभर मला धड पेपर वाचता आला नाही.

तलासरीतल्या झरीला, शाळेच्या ओट्यावर, मी दुपारी मोठ्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवत असे. आशागडहून जाणारी मी तापट आणि तोंडाळ. बायका मला टरकून असत. लखमीबाय सोडून. साठी उलटलेली, गवत कापून कापून हात खरखरीत झालेले, आणि मला बेधडक अगंतुगं करणारी. तिच्या बोलीत अहो-जाहो कुणालाच नाही. बाकीच्या बायकांना सही शिकायची होती. हिला एक वही वाचायची होती.

वही तिच्या मुलीची, सोनीची. सोनी मामाकडे, सीमेपलीकडे गुजरातेत राहून गुजराती शाळेत शिकली आणि चौदाव्या वर्षी तिथेच तापाने गेली. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. लखमीबाय पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. मायलेकींचं शेवटचं बोलणं झालंच नाही. हाती आली ती ही वही. त्यातली अक्षरं गुजराती, पण बोली घरचीच. मला गुजराती वाचता येतं. म्हटलं, आण इकडे, आत्ता वाचून दाखवते. तिने वही पदराखाली घेतली. "तू वाचशील त तुझा आवाज येल. मना तिचा पाहिजे."

असल्या बोलण्याला मी एरवी भीक घालत नाही. पण तिने वर्षभर खाली मान घालून मराठी अक्षरं गिरवली, तेव्हा मीच विरघळले. मग दर शनिवारी आम्ही चारोटीला जायला लागलो. तिथे हायवेवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर एकच नाव वर मराठीत, खाली गुजरातीत. एका चहावर ती तासभर वर-खाली बघायची आणि बोटाने हवेत अक्षरं जुळवायची. गुजरातीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, याचं तिला फार वाईट वाटलं. पोरीची अक्षरं उघड्यावर राहिली, म्हणाली. तेव्हापासून वहीतला शब्द लागला की ती पेन्सिलीने त्याच्यावर रेघ ओढायची, घराला छप्पर घालावं तशी. वही खराब होते म्हणून मी ओरडले. तिने ऐकलं नाही.

आधी ती मोठ्याने, अडखळत वाचायची आणि स्वतःचाच आवाज ऐकून चिडायची. एके दुपारी मी पोचले तर ओट्यावर एकटीच, वही मांडीवर, ओठ मिटलेले. डोळे ओळीवरून सरकत होते. मध्येच ती हसली. "ठेवलाय गं तुझा फ्रॉक," म्हणाली, "पेटीतच हाय." आणि चटईवर जरा सरकून तिने बाजूला जागा केली. खोटं कशाला सांगू, मी चपला हातात घेऊन पायरीवरूनच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, आला का आवाज. आला म्हणाली, पण घसा बसलाय पोरीचा, ताप आहे ना अंगात.

त्यानंतर ती रोज थोडं वाचायची, आणि शेवटचं पान आलं की पुन्हा पहिल्यावर जायची. एवढा आटापिटा केलास, मग ते एक पान का सोडतेस, मी विचारलं. "तिथं ती गप होल," ती म्हणाली. "मंग मी कोणाशी बोलू?" मला तिची कीव आली आणि रागही आला. मरायच्या आधी तरी वाच, असं मी फटकन बोलून गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यंदा भातकापणीला ती बांधावर टेकली ती उठलीच नाही. मी झरीला गेले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं, वही उशाशी. सोनीचा थोरला भाऊ रमेश म्हणाला, त्याला ही अक्षरं येत नाहीत, तर शेवटचं पान मीच आईला ऐकवावं. तिला माझा आवाज नको होता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आता दुसरं कोण आहे?

मी तिच्या डोक्याशी बसले. पानावर दोनच ओळी होत्या. मोठ्याने वाचल्या.

"आय, ताप उतरला का मी घरा येन. दार लावू नको."

रमेश माझ्याकडे बघत होता. "बाई, तू सोनीला कधी ऐकलेलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मी तिला पाहिलंही नव्हतं.

"तिचाच आवाज हाय हा," तो म्हणाला.

मला काही बोलायचं होतं. तोंडातून काय आवाज येईल या भीतीने मी गप्प राहिले. थोड्या वेळाने लखमीबायला उचललं. घरात मागे कोणीच राहणार नव्हतं, म्हणून शेजारचा एक जण दार ओढून घ्यायला गेला. रमेशने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला.