शिवेवरचा नारळ

गोव्याला लागून असलेल्या आमच्या गावाच्या शिवेवर एक काळा दगड आहे. एका अंगाला इंग्रजी अक्षरं, दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज. दोन्ही शेंदराखाली बुजलेली. काल शेजारच्या सुमनकाकूंच्या लेकीची पाठवणी होती. वऱ्हाडाची गाडी दगडापाशी थांबली. काकूंनी उतरून नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं, "माझ्या चेडवाक सांभाळ रे बाबा."

माझे आजोबा सांगत, हा काही देव नव्हे. इथे पहारा असायचा. नवरी पलीकडे न्यायची तर शिपायाच्या हातावर नारळ ठेवावा लागे. इकडच्याशी मराठीत बोलायचं, तिकडच्याशी कोंकणीत. गोरा साहेब आलाच तर नुसते हात जोडायचे. तेवढं त्याला कळे. पुढे दोन्ही राज्यं गेली, पहारा उठला आणि नारळ घ्यायला दगड तेवढा उरला.

गाडी वळणाआड गेल्यावर मी हे सगळं काकूंना सांगितलं. म्हटलं, "आता कोण अडवतंय? कशाला नारळ?"

काकू रस्त्याकडेच बघत होत्या.

"शिपाय गेलो रे," त्या म्हणाल्या, "पण चेडू अजून पलीकडेच जाता मां?"